नेक्स्ट, नेक्स्ट, वाटोळं

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी आत्याचा फोन आला तेव्हा माझ्या बशीत पोहे होते आणि पोह्यांना टेकून जिलबी बसली होती. (पुण्याकडच्या वाचकांनी इथे नाक मुरडलं असेल तर खुशाल मुरडावं. भोपाळमध्ये या दोघांचं लग्न लागून इतकी वर्षं झालीत की आता कुणी पत्रिकासुद्धा विचारत नाही.)

"अरे, समर्थन गेलं," आत्या म्हणाली.

आत्याची सगळी नोकरी वल्लभ भवनात, म्हणजे मध्य प्रदेशच्या मंत्रालयात गेली. आधी टाइपरायटरपुढे, मग कॉम्प्युटरपुढे. अशा बाईच्या तोंडून 'समर्थन गेलं' ऐकलं की पहिल्यांदा सरकारची काळजी वाटते. समर्थन जाणं म्हणजे काय हे आमच्या शहरानं मार्च २०२० मध्ये चांगलंच पाहिलंय. तेव्हा कुठला आमदार कुठल्या रिसॉर्टमध्ये आहे, हे भाजीवाल्यालाही पाठ होतं.

"कुणाचं गेलं?"

"विंडोज दहाचं. चौदा तारखेला समाप्त झालं. आता अकरा घ्या म्हणतोय, आणि अकरा घ्यायला गेलं की तुम्ही पात्र नाही म्हणतोय."

आत्याचा कॉम्प्युटर २०१४ साली एम. पी. नगरातून जोडून आणलेला. विंडोज ११ ला पोटात टीपीएम २.० नावाची चीप लागते, ती त्याच्यात नाही. हे मी तिला शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं.

"म्हणजे वयोमर्यादा ओलांडली," ती म्हणाली. "मग सरळ तसं लिहावं. एवढं गोड निळं चित्र कशाला लावतात वर?"

हा प्रश्न मी वीसेक वर्षं स्वतःला विचारत आलोय, पण इतक्या नेमक्या शब्दांत मला कधी विचारता आला नव्हता.

ठरलं असं, की कॉम्प्युटर तोच ठेवायचा आणि त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचं. मी पेन ड्राइव्ह घेऊन पिपलानीहून कोलार रोडला जायचं. पण आत्यानं अट घातली: "मी करणार. तू नुसता शेजारी बस. मागच्या वेळी तू केलंस आणि मला काही कळलं नाही, नुसतं तुझं कोपर दिसत होतं."

इथे माझी पात्रता सांगायला हवी. बाबा भेलमध्ये होते. १९५६ साली भोपाळला हेवी इलेक्ट्रिकल्स आलं आणि त्यामागोमाग जी मराठी कुटुंबं आली, त्यांतलं आमचं एक. मी मात्र टर्बाइनच्या वाटेला न जाता २००२ ते २००९ एम. पी. नगरातल्या एका संस्थेत पीजीडीसीएच्या मुलांना शिकवत होतो. महाराष्ट्रात जसं एमएस-सीआयटी तसं इकडे डीसीए आणि पीजीडीसीए. पीजीडीसीए वर्षभर चालतं आणि लग्नाच्या बायोडेटात जास्त जागा व्यापतं, एवढाच फरक. आमच्या लॅबमध्ये वीस मशीन होती, मुलं आपापल्या फ्लॉपीतून व्हायरस आणत आणि दर महिन्याला मी विंडोज एक्सपी नव्यानं टाकत असे. सीडी कुठून यायची हे विचारू नये. पंचवीस अक्षरांची ती किल्ली मात्र मला आजही रामरक्षेसारखी येते, आणि तेवढीच निरुपयोगी झाली आहे. (रामरक्षेबद्दल नाही बोलत, आत्या वाचेल.)

एक्सपीच्या इन्स्टॉलरला दोन तोंडं होती. पहिलं तोंड निळं, त्यावर पांढरी अक्षरं, माउस चालत नसे. दिसायला अगदी तहसील कचेरी. करार मान्य असेल तर एफ ८ दाबा. आता रोजच्या टायपिंगमध्ये एफ ८ ही कळ कोण दाबतं? ती शोधायला मान खाली घालावी लागे, आणि मान खाली घातली की माणूस क्षणभर तरी विचार करतो. पुढे हार्ड डिस्कचे भाग दिसत. एखादा भाग उडवायचा तर डी. डी दाबलं की तो विचारी, खरंच? होय म्हणायला एंटर नाही, वाय नाही, तर एल. एल का, ते मी कधी कुणाला विचारलं नाही. विद्यार्थ्यांना सांगायचो, 'लास्ट चान्स'चा एल. पण त्या एलनं आमच्या लॅबमध्ये किती जणांचे प्रोजेक्ट वाचवले याची गणती नाही. घाईत माणूस एंटर दाबतो, स्पेसबार दाबतो, कीबोर्डवर हात आपटतो. घाईत एल कुणी दाबत नाही.

मग मशीन बंद होऊन सुरू होई आणि दुसरं तोंड येई: रंगीत. डावीकडे पायऱ्या, उजवीकडे विंडोज किती सुंदर आणि किती वेगवान याचं वर्णन आणि एका कोपऱ्यात 'सुमारे ३९ मिनिटे'. या ३९ मिनिटांवर एक पिढी पोसली आहे. चहा पिऊन या, ३९ मिनिटं. जेवून या, ३७. शिवाय ते दिवस कसले! २००३ ची विधानसभा निवडणूक आमच्याकडे 'बिजली, सडक, पानी' या तीन शब्दांवर लढली गेली, त्यावरून ओळखा. भोपाळ राजधानी म्हणून थोडं तरी बरं, पण माझा एक विद्यार्थी सीहोरला स्वतःचं दुकान काढून बसला होता. तो इन्स्टॉल सुरू करण्याआधी पडद्याकडे नव्हे, भिंतीवर चिकटवलेल्या वीजकपातीच्या वेळापत्रकाकडे बघायचा. दोन कपातींच्या मध्ये ३९ मिनिटं बसतात का, एवढंच त्याचं संगणकशास्त्र. इन्स्टॉलर देखणा की कुरूप, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. यूपीएसची टूंटूं हाच त्याच्या दृष्टीनं खरा इंटरफेस होता.

वेळ घालवायच्या बाबतीत सगळ्यात दिलदार निघाला तो कॅल्डेरा ओपनलिनक्सचा १९९९ सालचा इन्स्टॉलर. फाइली कॉपी होत असताना तो खेळायला चक्क टेट्रिस द्यायचा. मला हे आजवरच्या संगणक इतिहासातलं सर्वांत प्रामाणिक पाऊल वाटतं. बाकीचे 'आम्ही तुमच्यासाठी सर्व काही तयार करत आहोत' असं म्हणत रंग बदलत राहतात. हा म्हणाला, माझं काम चाललंय, तू खेळ.

देखणेपणाची खरी लाट आली ती २००५-०६ च्या सुमारास. तेव्हा उबुंटू लिनक्सवाले पत्ता कळवला की पोस्टानं फुकट सीडी पाठवत, आणि ही धर्मशाळा २०११ पर्यंत चालली. आमच्या पोस्टमनला वाटायचं मला परदेशातून कुणीतरी स्थळं सुचवतंय. त्यातली ६.०६ ही आवृत्ती विशेष. तिचं नाव डॅपर ड्रेक, म्हणजे आपल्या भाषेत 'नटवा बदक'. खरं तर ती एप्रिलमध्ये, ६.०४ म्हणून यायची. पण जरा घासूनपुसून आणतो म्हणून सहा आठवडे लांबवली आणि १ जूनला आली. नटायला वेळ लागला म्हणून उशिरा आलेलं आणि तो उशीर नावाच्या आकड्यातच मिरवणारं सॉफ्टवेअर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. मात्र बदक कामाचं होतं. सीडीवरूनच सगळी यंत्रणा चालू व्हायची, आणि आधी घर बघून, फिरून, आवडलं तर एका चिन्हावर टिचकी मारून राहायला यायचं. त्याआधीचे बहुतेक इन्स्टॉलर म्हणजे घर न दाखवता आधी रजिस्ट्री करून घेणारे बिल्डर.

तर या सुमारास एका देखण्या इन्स्टॉलरनं माझा घात केला. त्याचं नाव सांगत नाही, कारण चूक त्याची पाव आणि माझी पाऊण. काकांच्या घरी होतो. काका माझ्या मागे उभे राहून 'बघा, आमचा पुतण्या' असं समोरच्या सिंधी शेजाऱ्यांना सांगत होते. पडदा सुंदर होता: मऊ रंग, गोल कोपरे, आणि प्रत्येक पानावर उजवीकडे खाली, अगदी त्याच जागी, 'नेक्स्ट'. भाषा, नेक्स्ट. देश, नेक्स्ट. कीबोर्ड, नेक्स्ट. डिस्क, नेक्स्ट. हाताला एकदा लय लागली की डोळा सुट्टीवर जातो. भजनात टाळ वाजवणाऱ्याचा होतो ना, तसा. 'डिस्क'च्या पानावर दोन पर्याय होते आणि आधीच निवडून ठेवलेला पर्याय होता: सगळं पुसून सगळी जागा वापरा. तोही त्याच मऊ अक्षरात, त्याच प्रेमळ सुरात, जणू विचारतोय, साखर एक चमचा की दोन?

चुलतबहिणीच्या लग्नाचे सातशे फोटो त्या डिस्कवर होते. आता त्या लग्नाचा पुरावा म्हणून आमच्याकडे फक्त जावई उरले आहेत.

त्या दिवसापासून मी इन्स्टॉलरचं रूप बघत नाही. मी फक्त एक गोष्ट बघतो: पुसायच्या क्षणी हा आवाज बदलतो का? घरातल्या थोरल्या बायका बघा. 'चहा घे', 'पाणी पी', 'चप्पल बाहेर काढ' हे सगळं एका पट्टीत. पण मूल गॅसकडे हात नेऊ लागलं की एकदम 'अं!' वरच्या पट्टीत. एक्सपीची निळी कचेरी हे 'अं!' म्हणायची. नटवे इन्स्टॉलर तिथेही 'चहा घे'च्या सुरातच बोलतात.

सोपं आणि सुंदर यांत भांडण आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट काही लोक कुरूपपणालाच सोवळं समजतात, त्यांचाही मला वैताग आहे. स्लॅकवेअर नावाचं लिनक्स १९९३ मध्ये निघालं आणि २०२२ च्या १५.० आवृत्तीतही त्याचा इन्स्टॉलर तोच अक्षरांच्या चौकटींचा. ते एक वेळ ठीक, आजोबांचं धोतर म्हणून आपण नमस्कार करतो. आर्च लिनक्सवाल्यांनी तर मधली काही वर्षं इन्स्टॉलर ही वस्तूच काढून टाकली होती. आज्ञा स्वतः टाइप करा आणि आपापलं घर बांधा. २०२१ मध्ये पुन्हा एक छोटासा मदतनीस आला तेव्हा आर्च वापरणाऱ्या माझ्या भाच्याचा चेहरा पाटा-वरवंटा सोडून मिक्सर आणलेल्या सुनेकडे बघणाऱ्या सासूसारखा झाला होता.

आणि सुंदर करायच्या नादात जगाची रीत मोडली की काय होतं ते फेडोरा लिनक्सच्या अठराव्या आवृत्तीनं दाखवलं. जानेवारी २०१३. तिचा इन्स्टॉलर नव्यानं रचला, आणि त्यापायी आवृत्ती दोनेक महिने लांबली. कल्पना चांगली होती: पानामागून पान नको, एकच चौक, त्यातून हव्या त्या खोलीत जा, काम करा, परत चौकात या. वाड्यासारखं. पण खोलीतून बाहेर पडायचं 'डन' हे बटण त्यांनी बसवलं वर डावीकडे. अख्खं जग वीस वर्षं खाली उजवीकडे बोट नेत होतं. लोक खोलीत शिरले आणि दार शोधत बसले. त्यावर जी ओरड झाली ती पुढे कित्येक वर्षं चालली.

हे वाचून आम्हा भोपाळकरांना भारत भवन आठवणं साहजिक आहे. चार्ल्स कोरियांनी बांधलेलं, १९८२ साली उघडलं. मोठ्या तलावाच्या उतारावर त्यांनी इमारत अशी काही जमिनीत पेरलीय की बाहेरचा पाहुणा तिच्याच गच्चीवर उभा राहून विचारतो, "इमारत कुठे आहे?" वरून शिरायचं आणि खाली खाली उतरत जायचं. म्हणजे रीत इथेही मोडली आहे. पण इथे कुणी हरवत नाही, कारण उतार पायाला सांगतो. एक अंगण संपतं, पायऱ्या दिसतात, पुढे पाणी चमकतं, माणूस आपोआप उतरतो. बाण नाहीत, नेक्स्ट नाही. मला एकदा तरी असा इन्स्टॉलर बघायचा आहे. मी दर वेळी पाहुण्यांना हे सांगतो आणि पाहुणे दर वेळी कँटीन कुठे आहे ते विचारतात.

तर कोलार रोड. दिवाळी दोन दिवसांवर होती. आत्यानं कॉम्प्युटरवरचं विणलेलं झाकण काढलं, घडी केली, चष्मा पुसला. मी पेन ड्राइव्ह काढला. डेबियन लिनक्स, तेरावी आवृत्ती, त्याच ऑगस्टची. दिसायला यथातथाच: वर एक पट्टी, मध्ये यादी, खाली बटणं. गेली कित्येक वर्षं हेच रूप. पण डेबियनची निवड मी रूपावर केली नव्हती, आणि काही वर्षांपूर्वी केलीही नसती. पूर्वी त्याची एक तऱ्हा होती. वायफायच्या कार्डासाठी लागणारी फाइल मुक्त परवान्याची नसली की तो ती आपल्याबरोबर आणत नसे. मग इन्स्टॉल करताना म्हणायचा, इंटरनेटला जोडण्यासाठी अमुक फाइल द्या. ती फाइल कुठे मिळते? इंटरनेटवर. वेड जात नाही म्हणून लग्न होत नाही आणि लग्न होत नाही म्हणून वेड जात नाही. २०२२ मध्ये त्यांनी आपसांत रीतसर मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून त्या फाइली आतच येऊ लागल्या. रूपात एका रेघेचा फरक नाही, आणि अर्ध्या जगाचा त्रास गेला. सोपेपणाचं खरं काम असं असतं. त्याचा फोटो काढून कुणाला दाखवता येत नाही.

पहिलंच पान भाषेचं. आत्या यादीत खाली खाली जात 'मराठी'वर थांबली.

"हे कधीपासून?"

इथे मी तिला एक छोटं व्याख्यान दिलं, ते तिनं चष्मा पुसत ऐकलं. जुना अक्षरी पडदा म्हणजे चौकटींची वही. एका चौकटीत एक अक्षर, आणि सगळी मिळून अक्षरं २५६, फार ओढलं तर ५१२. इंग्रजीचं तेवढ्यात भागतं. आपली ऱ्हस्व वेलांटी मात्र उच्चारात मागून येते आणि लिहिताना पुढे जाऊन बसते, रफार उडी मारून पुढच्याच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरं एकमेकांच्या मांडीवर. त्या चौकटीत ही मंडळी मावत नाहीत. म्हणून डेबियनचा इन्स्टॉलर अक्षरी होता तोवर त्याला आपली लिपी दाखवताच आली नाही. २००७ मध्ये चित्रांचा पडदा आला तेव्हा कुठे हिंदी, गुजराती, बंगाली, तमिळ आल्या. मराठी आली त्यानंतरच्या आवृत्तीत, २००९ मध्ये.

"हिंदीच्या मागून दोन वर्षांनी," आत्या म्हणाली. भोपाळमध्ये आयुष्य काढलेल्या मराठी बाईला यात काही विशेष वाटलं नाही.

मी मात्र तेव्हा जरा ओशाळलो. 'नटणं, नटणं' म्हणून मी ज्याची चेष्टा करतो त्या चित्रांच्या पडद्यावाचून आत्याला एक ओळ स्वतःच्या भाषेत वाचता आली नसती. कचेरीच्या निळ्या पडद्याचं मी एवढं कौतुक केलं, पण ती कचेरी इंग्रजीतच चालायची.

पुढची पानं झरझर गेली. देश, कीबोर्ड, कॉम्प्युटरचं नाव. रूट म्हणजे काय, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, मूळपुरुष, त्याचा शब्द घरात शेवटचा. "मग रिकामं सोड," ती म्हणाली, "या घरात तसलं कुणी नाही." आणि योगायोग असा, की रिकामं सोडलेलंच बरं असतं. मग पहिल्या वापरणाऱ्यालाच सगळे अधिकार मिळतात.

मग आलं पार्टिशन. हे मी कधीच नीट समजावू शकलेलो नाही.

"वाटणी," आत्या म्हणाली. "कळलं की. थोरल्याला किती, धाकट्याला किती."

खरंच, याहून चांगला शब्द नाही. आपोआप वाटणी म्हणजे आजोबा हयात असताना झालेली: कुणी काही बोलत नाही. हातानं वाटणी म्हणजे प्रत्येक भाऊ टेप घेऊन उभा. एका डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचं म्हणजे एका वाड्यात दोन चुली आणि दारात ग्रब नावाचा रखवालदार: कुणाकडे जायचंय? माझ्या शिकवण्याच्या दिवसांत थोरला भाऊ, म्हणजे विंडोज, पुन्हा टाकलं की पहिलं काम त्या रखवालदाराला हाकलायचं करी. धाकटा घरातच असे, पण त्याच्याकडे जायला वाटच उरत नसे. मी पाहिलेल्या दोन खऱ्या वाड्यांत नेमकं हेच झालं.

"आपल्याला दोन चुली नकोत," मी म्हणालो. "सगळी डिस्क एकालाच दे. तुझा सगळा विदा मी कालच काढून ठेवलाय."

"कुणाला विदा केलंस?"

चूक माझी. डेटाला मराठीत 'विदा' म्हणतात असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि मिरवायला गेलो. भोपाळमध्ये विदा म्हणजे मुलगी सासरी जाणं, डोळे पुसणं, गाडीच्या चाकाखाली नारळ. आत्याच्या चेहऱ्यावर तेच होतं. मी म्हणालो, "फाइली गं, फाइली." मग ती पुढे सरकली.

आणि इथे तिचा हात अडला. सगळे बदल डिस्कवर लिहायचे का, असं विचारणारं एक पान येतं. आत्यालाही आतापर्यंत लय लागली होती. तिनं खालचं बटण दाबलं. पान मागे गेलं. पुन्हा पुढे आली, पुन्हा दाबलं. पुन्हा मागे.

"हा अडून बसलाय."

अडून बसला नव्हता. डेबियन या ठिकाणी 'नाही' आधी निवडून ठेवतो. नुसतं पुढे-पुढे करणाऱ्याला तो गुपचूप मागे आणून सोडतो. 'होय' स्वतः निवडायचं. हाच तो माझा जुना एल, फक्त मराठी बोलणारा.

तिसऱ्या वेळी आत्यानं चष्मा कपाळावर नेला, पडद्याला नाक लावलं आणि वल्लभ भवनात नस्तीवरचा शेरा वाचावा तसं पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

"सगळी डिस्क म्हणतोय हा. डी ड्राइव्हसुद्धा?"

"डीमध्ये काय आहे?"

"आमच्या भजनी मंडळाचं सगळं डीमध्येच आहे. वर्गणी, भजनांच्या वह्या, पंचवीस वर्षांचं. सीमध्ये काही ठेवू नये, सीला कधीही काहीही होतं, असं तूच सांगितलं होतंस."

सांगितलं होतं. २००५ च्या सुमारास, मोठ्या ऐटीत. आणि आदल्या संध्याकाळी मी काढून ठेवल्या होत्या त्या फक्त डेस्कटॉपवरच्या आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइली. मी खुर्चीवरून उठलो, पाणी प्यायलो. काकांच्या घरातले ते सिंधी शेजारी डोळ्यांपुढे आले. मग आम्ही सगळं बंद केलं, विंडोज पुन्हा चालू केलं, डीमधलं सगळं बाहेर काढलं, आणि आत्यानं स्वतः मोजून खात्री केली. मोजणी दोनदा झाली. तोवर तिनं चिवड्याची परात पुढ्यात ठेवली होती, आणि एकदाही 'बघ' म्हणाली नाही. एखादा 'बघ' परवडला असता.

दुसऱ्या फेरीत तिनं 'होय' निवडलं, तेही हात पदराला पुसून. तासाभरात डेस्कटॉप समोर आला. स्वच्छ, साधा, एक्सएफसीईचा. वायफाय एका झटक्यात लागलं, तारीख बरोबर, मराठी बरोबर. मी थोडा फुगलो. तिनं मंडळाची पहिली फाइल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. ना शेंडा ना बुडखा.

हे मला आठवायला हवं होतं. मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांनी वर्षानुवर्षं ज्यात टाइप केलं तो कृतिदेव फॉन्ट. त्यात अक्षरं खरी इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचे मुखवटे चढवतो. टाइपरायटरवर जी कळ, तेच अक्षर. नव्या मशीनवर फॉन्ट नाही, म्हणजे मुखवटे नाहीत, आणि 'भोपाल' हे सरळ नाव 'एच के के एस आय के वाय' होऊन समोर उभं राहतं.

"आत्या, घाबरू नकोस, काही गेलेलं नाही. फॉन्ट टाकावा लागेल, दहा मिनिटं थांब," मी पेन ड्राइव्ह शोधत म्हणालो.

उत्तर आलं नाही म्हणून वळून बघितलं. आत्या पडद्यावरची एच के के एस बघत होती आणि तिची दहाही बोटं चिवड्याच्या परातीशेजारी टेबलावर हलत होती, नसलेल्या टाइपरायटरच्या कळांवर. ओठ पुटपुटत होते. वर्गणी. मागील बाकी. एकशे एक रुपये.

"टाक सावकाश," ती म्हणाली. "मला वाचता येतंय."